ताईच्या हातचे टाके

११ ऑगस्ट

ताई,

चार वर्षं ना पत्र ना फोन, आणि आज एकदम हे पाकीट. उशीर झाला, माफ कर, असं आधी लिहिलं होतं; ते खोडलं. उशीर गाडीला होतो. मी गप्प बसले होते. त्या गप्प बसण्याची माफी मागते.

भाऊजी गेले आणि मी आले नाही. आठवड्याने तू फोनवर म्हणालीस, "तुझा आवाज मला रेडिओवर फुकट ऐकू येतो, त्यासाठी बहीण कशाला पाळायची?" त्यावर मी काहीच बोलले नाही. एक वाक्य तोंडात आलं होतं, पण ते अर्धंच खरं होतं. अर्धं खरं बोलायची मला नोकरीत सवय आहे. तुझ्याशी तसं बोलवेना.

आज लिहितेय ते खारूसाठी. लग्नानंतर ती तुझ्या गावात आली, तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर, आणि हळूहळू माझी मुलगी तुझी झाली. तुझ्याकडे जेवते, तुझ्याकडे रडते. ह्याचं मला वाईट वाटत नाही असं लिहिलं तर तू हसशील. काल तिचा फोन आला होता. "आई, माझं बाळंतपण मावशीच करणार. डॉक्टरबाई असतील तिथे, पण हात मावशीचे. मी सांगून टाकलंय तिला." आणि मग, "तू येशील ना? की बुलेटिन आहे?"

बुलेटिन नाही. गेल्या हिवाळ्यापासून मी बातम्या वाचत नाही. मागच्या खोलीत बसून दुसऱ्यांना वाचायला लिहून देते. खारूला हे माहीत नाही. तुझ्या लक्षात आलं होतं का, आवाज बंद झाल्याचं?

ताई, तू तिला नाही म्हण.

तुझ्या दवाखान्यात होऊ दे, डॉक्टरबाईंच्या हातून होऊ दे, पण तू हात लावू नकोस. गुडघे दुखतात म्हण, रजेवर आहे म्हण, घरच्या माणसाचं बाळंतपण करायचं नाही असा नियम निघालाय म्हण. तू खोटं बोललीस तरी ती विश्वास ठेवेल. मी खरं बोलले तरी ठेवत नाही.

कारण विचारू नकोस असं लिहिणार होते, पण तू विचारशीलच. खारूच्या वेळी माझ्यापाशी तूच होतीस, एवढंच आज लिहवतं. हे वाक्य परत वाचलं तर आरोपासारखं वाटतंय. आरोप आहे की नाही, हे माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

तुझी,
बारकी


२० ऑगस्ट

ताई,

तुझा मेसेज मिळाला. "अर्धं गाव माझ्या हातांवर जन्माला आलंय. तुझी पोरगीपण. आता माझे हात चालेनात होय तुला? कारण लिही. नाहीतर परत गप्प बस, ते तुला छान जमतं."

लिहिते. ह्याच्याआधी लिहिलेले कागद फाडले, कारण प्रत्येकात मी 'त्रास' असा शब्द वापरला होता. त्रास डासांचा होतो.

मला शौचावर ताबा राहत नाही. खारू झाली तेव्हापासून.

आधी फक्त वारा धरवायचा नाही. मग पोट जरा बिघडलं की कपडे खराब व्हायला लागले. चाळिशी उलटली आणि पोट बिघडायचीही गरज उरली नाही. आता लागलीय हे कळणं आणि होऊन जाणं, ह्यांच्यामध्ये एक जिना चढण्याएवढाही वेळ मिळत नाही. कधीकधी तर कळतही नाही, वासावरून कळतं. बावीस वर्षं मी काळे आणि गडद निळे कपडे घालतेय. लोक म्हणतात मला रंगांची जाण आहे.

ह्या शहरात कुठल्या दुकानामागे संडास आहे, कुठल्याची किल्ली मालक स्वतःच्या खिशात ठेवतो, कुठल्या बँकेतला पहारेकरी कीव येऊन आत सोडतो, हे मला इथल्या टॅक्सीवाल्यांपेक्षा जास्त माहीत आहे. कामाच्या दिवशी सकाळी चहासुद्धा घेत नाही. ऑफिसातली एक मुलगी म्हणाली, "तुमचा संयम बघून हेवा वाटतो हो." नवरा वेगळ्या खोलीत झोपतो. तू घोरतोस असं मी त्याला सांगितलं. बिचारा घोरत नाही. त्याला एवढंच माहीत आहे की माझं पोट नाजूक आहे. "तुझं पोट ठळक बातम्यांत घ्यायला पाहिजे," असं तो पाहुण्यांसमोर म्हणतो, आणि मी सगळ्यांबरोबर हसते.

भाऊजींच्या वेळी मी निघाले होते, ताई. बातमी कळली त्याच सकाळची बस पकडली. पोट रिकामं, गोळी घेतलेली, पॅड लावलेलं. अर्ध्या वाटेच्याही अलीकडे पोटात मुरडा आला. ड्रायव्हरपाशी गेले. तो म्हणाला, "ताई, पुढे थांबा आहे, दहा मिनिटं कळ काढा." काढली नाही गेली. जागेवर येऊन बसले. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी खिडकी उघडली.  बस थांबेपर्यंत मला तसंच बसून राहावं लागलं. पेट्रोल पंपावर उतरून नळाखाली कपडे धुतले. उलट दिशेची बस येईपर्यंत ओल्या कपड्यांत उभी होते. घरी आल्यावर तुला कळवलं की ड्युटी बदलून मिळाली नाही. ते माझं अर्धं खरं. ड्युटी खरंच होती. मी ती कुणाला बदलून मागितलीच नव्हती, कारण निघतानाच फोन करून सुट्टी घेतली होती.

बातम्या का सोडल्या तेही लिहिते, म्हणजे एकदाचं होऊन जाईल. स्टुडिओचं दार आतून बंद असतं, लाल दिवा लागला की उठता येत नाही. गेल्या हिवाळ्यात खोकला झाला होता. खोकला आला की मी आवाज बंद करायचं बटण दाबून खोकायचे, सगळेच वाचक तसं करतात. तापमानाच्या बातमीवर खोकला आला, बटण दाबलं, खोकले, आणि झालं. बटण सोडलं. पुढे खेळाच्या बातम्या होत्या. त्या वाचल्या. ठळक बातम्या परत वाचल्या. नमस्कारसुद्धा म्हटला. काचेपलीकडच्या तंत्रज्ञाने अंगठा वर केला. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत नीट वाचलेलं बुलेटिन असेल, एकही शब्द अडखळला नाही. आणि हे मला अभिमानाने आठवतं की शरमेने, हे अजून कळत नाही. पुढचा वाचक दारात येईपर्यंत मी हलले नाही. मग चक्कर आली असं सांगून स्वेटर कमरेला बांधला.

त्यानंतर मी डॉक्टरकडे गेले. पहिल्यांदाच. तुला वाटेल, शिकलेली बाई, जगाच्या बातम्या वाचते, आणि बावीस वर्षं? मलाही वाटतं. पण पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, इथेच मी प्रत्येक वेळी अडत होते. इथल्या डॉक्टरबाईंनी आतून सोनोग्राफी केली आणि पडद्यावर मला दाखवलं. मागच्या जागेभोवती स्नायूचं एक कडं असतं. "हे घड्याळ समजा," त्या म्हणाल्या. "अकरा ते दोन इथे काहीच नाही. बाळंतपणात फाटलंय आणि शिवायचं राहून गेलंय. वरचे टाके घातले, आतलं कडं तसंच." मग विचारलं, "कोणी केलं होतं बाळंतपण?" मी म्हटलं, आठवत नाही.

आता त्या व्यायाम करायला सांगतात, गोळ्या देतात. ऑपरेशन करता येईल, पण एवढ्या वर्षांनी शिवलेलं किती टिकेल हे सांगता येत नाही म्हणाल्या. तेव्हाच शिवलं असतं तर बहुतेक बायका नीट होतात. आणि कळायला काय लागतं? टाके घालण्याआधी आणि घातल्यावर मागून बोट घालून तपासायचं. बस. एवढंच. सगळ्यांना शिकवतात म्हणे.

तुला शिकवलं नव्हतं का, ताई? की तपासलंस आणि हाताला कळलं नाही? मला ह्या दोनच शक्यता सुचतात. दोन्हींत तुझा दोष फारसा नाही. तू तेव्हा नवीन होतीस, खारू दांडगी होती, डॉक्टर दुसरीकडे अडकले होते. पण तेच हात, तीच सवय, आणि आता माझी मुलगी. म्हणून नाही म्हण.

बारकी


२ सप्टेंबर

ताई,

तुझं उत्तर नाही. पोस्टमनला मी गॅलरीतून ओळखायला शिकलेय, तो मान वर न करता हात हलवून 'नाही' सांगतो.

खारूचं मात्र उत्तर आलं. काल दुपारी तिचा फोन. "तू काय बोललीस मावशीला?"

"का गं?"

"ती म्हणते मी नाही करणार. कारण विचारलं तर म्हणते तुझ्या आईला विचार. माझ्यासमोर भांडी घासत होती, घासलेलीच परत घासत होती."

मी म्हटलं, मावशी आता थकली आहे.

"थकली? परवा तिने जुळी काढली! आई, तू माझ्या लग्नात अर्धा तास होतीस. घर लावलं तेव्हा आली नाहीस. तुझ्याकडून मी काही मागितलंच नाही, कारण तुला जमत नाही हे मला लहानपणीच कळलं होतं. शाळेच्या सहलीला सगळ्यांच्या आया आल्या, माझ्याबरोबर शेजारची काकू. ठीक आहे. पण मावशी होती ना मला. तीपण काढून घेतलीस?"

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी होते. पोटात काही नव्हतं, तरी झालं. रडताना पोट दाबलं जातं ना. बाथरूममध्ये कपडे बादलीत टाकले आणि फरशीवरच बसून राहिले. नवरा दारापाशी आला. "अगं, किती वेळ? राष्ट्राला संदेश देतेयस का?" मी ओरडले त्याच्यावर. इतक्या मोठ्याने की शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी बारीक केला. तो गेला, आणि थोड्या वेळाने दाराबाहेर टॉवेल ठेवल्याचा आवाज आला. त्याला किती माहीत आहे, ताई? टॉवेल त्याने न मागता ठेवला. बावीस वर्षं तो विनोद करतोय ते मला हसवायला, की मी सांगितलं तर ऐकावं लागेल म्हणून?

मी काय केलंय ते मला नीट बघू दे. खारूला वाचवायला मी तुला पत्र लिहिलं, हे मी स्वतःला सांगते. पण तुझ्या डॉक्टरबाईंना एक निनावी ओळ लिहूनही ते झालं असतं. मला ते तुला कळायला हवं होतं. तू ते वाचताना तुझं तोंड कसं होईल, ह्याची मी कल्पना केली होती, आणि त्या कल्पनेत मला बरं वाटलं होतं. आता बरं वाटत नाही. आता असं झालंय की खारूजवळ ना तू, ना मी. बाळ यायला महिनाही उरला नाही, आणि तिच्या खाटेपाशी कोण उभं राहणार, तर जिला तिचं नावही माहीत नाही अशी कोणी मुलगी.

ह्या शरीराला आता मी कंटाळले आहे. सकाळी जाग आली की पहिला हात खाली जातो, ओलं आहे का बघायला. त्या एका क्षणाचीच इतकी भीती बसलीय की जाग येऊच नये असं वाटतं. हे लिहून ठेवते, कारण कुठेतरी लिहायला हवं. काही करणार नाही. घाबरू नकोस. तू घाबरावंस असंही थोडं वाटतंय, तेही लिहून ठेवते.

एक ओळ तरी लिही. शिव्या दे.

बारकी


१२ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र आलं. तू तिसरी शक्यता लिहिलीस. मला ती सुचली नव्हती, जन्मात सुचली नसती. तुझीच वाक्यं पुन्हा लिहून काढते, कारण मला ती माझ्या हाताने लिहिल्याशिवाय खरी वाटेनात.

"शिकवलं होतं. त्या दिवशी वॉर्डात आणखी दोघी बाळंत झाल्या. त्यांचं बघितलं. तुझ्यापाशी आले, नवीन हातमोजा चढवला, आणि तू माझ्याकडे बघितलंस. लहान असताना मी तुला आंघोळ घालायचे तेव्हा 'दार लाव, दार लाव' म्हणून ओरडायचीस ना, तीच नजर. मला वाटलं, माझी बहीण आहे, हिची एवढी तरी लाज राखू. मोजा काढून टाकला. वरून टाके घातले, सुंदर घातले. डॉक्टर आले, म्हणाले मागून बघितलंस? मी हो म्हणाले. परक्या बाईची मी कधी लाज राखली नाही बारके, म्हणून त्या सगळ्या धड आहेत."

आणि खाली, वेगळ्या शाईत:

"दोन आठवड्यांनी तू म्हणालीस, ताई, वारा धरवत नाही. मी हसले. बाळंतीण झालीस, महाराणी नाही झालीस, होईल नीट, असं म्हणाले. मी हसले कारण मला तेव्हाच कळलं होतं."

मी पत्र टेबलावर उपडं ठेवलं आणि त्याच्यावर तांदळाचा डबा ठेवला. का ठेवला माहीत नाही. उडून जाणार होतं थोडंच.

तुला कळलं होतं. तेव्हा महिनाही झाला नव्हता. तेव्हा कुणीतरी परत उघडून शिवलं असतं, आणि मी माझ्या मुलीच्या सहलीला गेले असते. तू माझी लाज एक मिनिट राखलीस आणि त्यानंतर ती रोज गेली. तुझ्यावर ओरडायला तोंड उघडलं तर 'दार लाव, दार लाव' हेच आठवतं. मी खरंच तसं बघितलं होतं का? मला आठवत नाही. बघितलं असेल. म्हणजे माझीच नजर? नाही. हे मी करणार नाही. हे ओझं मी परत माझ्याकडे ओढून घेणार नाही, ताई. ते तुझं आहे. ते तू ठेव.

माफ केलं असं लिहिण्याचा प्रयत्न केला. झालं नाही.

पण तू शेवटी जे लिहिलंस ते मी केलं. "मी हात लावणार नाही. खोलीत मात्र उभी राहणार, आणि डॉक्टरबाईंनी मागून तपासल्याशिवाय हलणार नाही. खारूला का, ते तू सांगायचं. मी सांगितलं तर तिला माझीच दया येईल. ती मला नको."

म्हणून आज सकाळी फोन केला. सांगायचं ते कागदावर लिहून काढलं होतं, नाहीतर मी परत 'त्रास' म्हटलं असतं. वाचायला लागले. दोन वाक्यं झाली असतील, ती म्हणाली, "आई, बातम्यांच्या आवाजात नको."

कागद बाजूला ठेवला. मग कसं बोलले ते सांगता येणार नाही, कारण ते बोलणं नव्हतंच. बस सांगितली, स्टुडिओ सांगितला. शाळेची सहल सांगितली, की मी त्या दिवशी तयार होऊन बसले होते, डबासुद्धा भरला होता, आणि मग काय झालं.  

मग खारू म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे."

"नाही. तुझ्यामुळे नाही. फाटतं पुष्कळ जणींचं. बघायचं राहिलं, त्यामुळे."

"कोणी नाही बघितलं?"

 ताई, इथे मला तुला वाचवता आलं असतं. इथल्या डॉक्टरबाईंना सांगितलं होतं तसं, आठवत नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "मावशीने."

 मग तिने विचारलं, "तरी ती खोलीत हवी असेल मला, तर तुला चालेल?"

मी हो म्हटलं. चालेल की नाही ह्याचा विचार नंतर करीन असं ठरवलं, अजून केलेला नाही.

बारकी


३० सप्टेंबर

ताई,

हे तुझ्या दवाखान्यात बसून लिहितेय, तुझ्याच वॉर्डाबाहेरच्या बाकावर. तू आज नाहीस. परिचारिकांच्या टेबलाशी बसणारी केस बांधलेली मुलगी म्हणाली, "सिस्टरांनी रजा टाकली. कधी टाकत नाहीत हो त्या." मी कोण ते तिने विचारलं नाही. चेहऱ्यावरून कळलं असावं. मी येणार हे खारूने तुला सांगितलं असणार, म्हणून तू नाहीस.

बस तीन वेळा बदलली. सरळ गाडीत बसायची हिंमत झाली नाही. नवरा बरोबर होता. त्याला सगळं सांगितलं, इथे निघायच्या आधी, पिशवी भरता भरता. तो म्हणाला, "मला वाटत होतं तसंच काहीतरी." मी म्हटलं, मग विचारलं का नाहीस? तो म्हणाला, "तू सांगितलं का नाहीस?"  प्रत्येक थांब्यावर तो माझ्याआधी उतरायचा, संडास बघून यायचा आणि लांबूनच हात करायचा. तरी एकदा व्हायचं ते झालंच. तो माझ्या मागे उभा राहिला, लोकांकडे पाठ करून, आणि ह्या खेपेला त्याने विनोद केला नाही.

बाळ बघितलं. मुलगा आहे, आईसारखाच दांडगा. झोपेतही रागावलेला दिसतो.

काय झालं ते खारूने सांगितलं. बाळ अडलं, चिमटा लावावा लागला, फाटलं. डॉक्टरबाई टाके घालायला बसल्या. "किरकोळ आहे," म्हणाल्या, "पटकन होईल." आणि तू खारूच्या डोक्यापाशी उभी होतीस ती पायाशी गेलीस.

"मागून बघा," तू म्हणालीस.

"बघते हो सिस्टर. आधी हे तर शिवू दे."

"आधी बघा. माझ्यासमोर बघा."

"तुम्ही मला शिकवणार?"

"आज शिकवणार. मग मला मेमो द्या."

खारू म्हणते, तिला एवढी लाज वाटली की पाय मिटून घ्यावेत, आणि ती तुझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, राहू दे ना." तू तिचा गुडघा दाबून धरलास आणि म्हणालीस, "नाही राहू देणार." डॉक्टरबाईंनी बघितलं, आणि हातातली सुई खाली ठेवली. लगेच थिएटरमध्ये हलवलं. आतलं कडं शिवलं, नीट, टोकाला टोक जुळवून, भूल देऊन. डॉक्टरबाई मला आज म्हणाल्या की स्नायू जवळजवळ पूर्ण तुटला होता, पण वेळेवर मिळाला, आता जपलं तर बहुतेक पूर्ववत होईल.

मी त्यांना धन्यवाद दिले. बाहेर आले. आणि ताई, मला माझ्या मुलीचा हेवा वाटला. आनंद व्हायच्या आधी.  तेच फाटणं, तेच गाव, तीच तू, आणि तिचा गुडघा कोणीतरी दाबून धरला. आनंद नंतर झाला, तोही खरा आहे, पण आधी काय झालं ते लिहिलं नाही तर हे पत्र मी बातम्यांच्या आवाजात लिहिल्यासारखं होईल.

तुझ्या घरी येईन की नाही माहीत नाही. दोन गल्ल्या आहेत, खारूचा नवरा म्हणाला मी सोडतो. मी म्हटलं, बघू. तू तिथे दार लावून बसली असशील. तू खारूसाठी जे केलंस ते माझ्यासाठी केलं नव्हतंस, आणि ही दोन्ही वाक्यं मला अजून एका खोलीत ठेवता येत नाहीत. एक आत घेतलं की दुसरं बाहेर जातं. हे पत्र त्या केस बांधलेल्या मुलीकडे देते, तुझ्या कपाटात ठेवायला.

एक गोष्ट मात्र तुला कळायला हवी, म्हणून पाकीट बंद करायच्या आधी लिहिते. संध्याकाळी डॉक्टरबाई फेरीला आल्या. "काय खारूबाई, कसं वाटतंय?" खारू हसली. "छान." "काही तक्रार?" "काही नाही." मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला होते. तिने बोलता बोलता चादरीची घडी स्वतःखाली सरकवली, एका हाताने, नजर डॉक्टरबाईंवरून न हलवता. इतक्या सफाईने की कुणाला दिसलं नसतं. मला दिसलं. डॉक्टरबाई गेल्यावर तिने मला म्हटलं, "आई, तू जा ना, दमली असशील. आराम कर." आणि भिंतीकडे तोंड केलं.

कदाचित काहीच नसेल. ताजे टाके आहेत, रक्त असेल. सुरुवातीला थोडं व्हायचंच, असंही डॉक्टरबाई बाहेर मला म्हणाल्या होत्या, फक्त लपवू नका म्हणाल्या. मी दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले, आणि तोंडात पहिलं वाक्य येईना. मी पाण्याची बाटली भरून आणली आणि तिच्या उशाशी ठेवली.

थांबते. बाळ रडतंय.

उद्या: डॉक्टरबाई यायच्या आधी खारूला विचारणे, स्पष्ट शब्दांत.